आईचा भाग

दहिसरच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत जुना कॉम्प्युटर आला. सुयोगदादानं हार्ड डिस्क फॉरमॅट केली आणि तिचे भाग पाडायला बसला. झालं, भांडणं सुरू! मला गाण्यांना जागा हवी, बाबांना गावच्या भजनांना.

"आईला पण एक भाग दे ना रे," मी ओरडले.

"मला कशाला?" भाकरी थापता थापता आई म्हणाली. मग हळूच विचारलंन, "त्याला कुलूप लागतं?"

"पासवर्ड लागतो!"

आई पिठाच्या हातांनीच उठली. "तोंडं फिरवा सगळ्यांनी!"

आम्ही तिघं भिंतीकडे बघत खिदळत उभे राहिलो. मागे टकटक, टकटक.

"काय ठेवणार गं त्यात?" बाबांनी विचारलं.

"काही नाही," आई हसत म्हणाली. "अख्खा रिकामा ठेवणार!"