सामानाच्या यादीतला टोच्या

“पाठवा की तुमच्या पाखराला पुढे!” असं म्हणत वायरमनने टेबलावरच्या मेणाच्या टोच्याला बोटाने नकाशातल्या बोगद्याकडे ढकललंसुद्धा.

“पाखरू नाही ते. आणि हात लावायचं काम नाही,” मावशी म्हणाली.

दर रविवारी दुपारी भाचीच्या जेवणाच्या टेबलावर हा खेळ रंगायचा. भाची गोष्ट सांगायची आणि बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. वायरमन योद्धा, चित्रकलेच्या बाई जादूगारीण आणि मावशी हाडं बसवणारी वैदू. कोण काय करणार ते ज्याने त्याने सांगायचं, जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. प्रत्येकाला सोबतीला एक प्राणी मिळे. वायरमनने घोडा घेतला, बाईंनी कुत्रा. मावशीने मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, पारव्याएवढा उडणारा सरपटणारा प्राणी मागितला. कुत्री-घोडी काय, कोणीही पाळतं!

टोच्या तिने स्वतः घडवला होता. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत सव्वीस वर्षं ती कवळ्या बनवत होती. हिरड्यांसाठी जे गुलाबी मेण वापरतात, त्याचेच टोच्याला पंख केले आणि चोचीत तांदळाच्या कणीएवढे बावीस दात बसवले. “पाखराला दात!” म्हणून वायरमन पोट धरून हसला होता.

हसला ते हसला, वर प्रत्येक वेळी मरायला टोच्याच पुढे. विषारी धुरात टोच्या, सापांच्या खड्ड्यात टोच्या. तिथे तर त्याचा पंख मोडला आणि मावशीने तो बसवेपर्यंत ही मंडळी पुढच्या वाटेची चर्चा करत होती. घोड्याला मात्र कधी कुणी म्हटलं नाही, जा बाबा, बघून ये.

आणि आता हा बोगदा. आत गेलेलं कुणी परत येत नाही, असं भाचीने आधीच बजावलं होतं.

“तो जाणार नाही,” मावशी म्हणाली.

“अहो, खेळ आहे हा!” बाई समजुतीने म्हणाल्या. “शिवाय तो सामानाच्या यादीत आहे. बघा, दोरी, कंदील, टोच्या.”

मावशीने कागद ओढून घेतला. खरंच, पहिल्याच दिवशी भाचीने तसं लिहून ठेवलं होतं. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परवाच एक आजोबा नवी कवळी घालून, तोंडभर हसत तिच्या खोलीच्या दारापर्यंत आले होते. “कुणी केली हो? शेंगदाणे खातोय मी!” मावशी तोंड उघडणार, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, “आजकाल सगळं मशीनच करतं, आजोबा.” समोर मावशी मेणाची सुरी घेऊन उभी, हात साच्याच्या प्लास्टरने माखलेले. तेव्हा ती मूग गिळून गप्प बसली. डॉक्टरांचा राग आलाच होता, पण स्वतःचा जास्त.

“मी जाते बोगद्यात,” ती म्हणाली.

“मावशी, मरशील,” भाची म्हणाली.

“मरेन. फासा दे.”

फाशावर तीन आले. छत कोसळलं आणि वैदू गेली.

या घरचा नियम असा, की मेलेल्याने सगळ्यांसाठी चहा करायचा आणि जिवंत असलेल्यांनी त्याचं सामान वाटून घ्यायचं. आधण ठेवता ठेवता मावशीला बाहेरचं ऐकू आलं.

“दोरी तुम्हाला, कंदील मला,” वायरमन म्हणत होता. “आणि पाखरू मी घेतो. घेतलं. आता जातं ते बोगद्यात.”

हे मावशीच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती तशीच सांडशी घेऊन बाहेर आली.

“लाज वाटत नाही? मी मेले त्याच्यासाठी, आणि माझी राख निवायच्या आत तुम्ही त्यालाच ढकलताय? दोरी आहे का तो? भूक लागते त्याला. दुखतं त्याला. पंख मी बांधलाय त्याचा, मला विचारा!”

भाचीने मावशीकडे पाहिलं, मग कागदाकडे.

“टोच्या उठत नाहीये,” ती हळूच म्हणाली. “मावशीच्या अंगावरच्या दगडांवर बसून राहिलाय. हाका मारल्या तरी येत नाही.”

“असा नियम कुठाय?” वायरमन उसळला.

“नव्हता. आता आहे.” भाचीने यादीतल्या टोच्यावर काट मारली. “चला, आता आपल्या पायांनी जा.”

घोडा बाहेर बांधून दोघं चाचपडत आत गेले. मावशी चहा पीत ऐकत राहिली. टोच्याला तिने जाताना रुमालात गुंडाळून घरी नेलं.

सोमवारी तिने एका कवळीवर, टाळूच्या बाजूला, मेणाच्या सुरीने एवढासा पंख कोरला. जिभेला कळेल न कळेल इतका बारीक. चार दिवसांनी तयार कवळी हातात घेऊन डॉक्टर खोलीत आले.

“हे काय? ओरखडा पडलाय इथे.”

“ओरखडा नाही तो,” मावशी म्हणाली. “मशीनची सही आहे.”

मावशीने दिवा जवळ ओढला आणि पुढचा दात मेणात बसवायला घेतला.