नाळेचं कणीस

माझं तोंड फटकळ आहे, हे मी कबूल करते. डोळे अधू झालेत, हे मात्र मी कुणापाशी कबूल केलं नव्हतं. सगळा घोळ तिथंच झाला.

नात जन्मली तेव्हा सुईणीनं तिची नाळ मक्याच्या कणसावर धरून कापली. दाण्यांवर रक्त सांडलं. ते कणीस आम्ही तांबड्या दोऱ्यानं चुलीवरच्या आढ्याला टांगलं. पेरणीला बाप ते दाणे रानाच्या वेगळ्या कोपऱ्यात टोकणतो आणि त्याच मक्याचा पहिला घास लेकराच्या तोंडी जातो. तो मका जगला तर लेकरू जगलं. माझ्या सुनेची, मुयालची, आधीची दोन गेली होती. दोघांचाही मका उगवला नव्हता.

पेरणीच्या आदल्या दिवशी सकाळीच आमची जुंपली.

"आत्याबाई, कणसं मी काढते. या धुरात तुम्हाला..."

"मला काय? आंधळी आहे का मी? तू जन्मलीही नव्हतीस तेव्हापासून या घरात मका दळतेय!"

मी तरातरा उठले, आढ्यावरची हाताला येतील ती कणसं ओढली, फणफणत दाणे काढले आणि चुन्याच्या पाण्यात लोटले. भांडं चुलीवर चढलेलंच होतं. मुयालनं वर पाहिलं. आढ्याला नुसता तांबडा दोरा लोंबत होता.

"अगं बाई! नाळेचं कणीस!"

मी तशीच भांड्यात हात घातला. पाणी तापत आलं होतं, चुन्यानं बोटं पोळली. रक्ताचे काळपट डाग बघून बघून मुयालनं तेरा दाणे वेचले. बाकीचे कुठले कुठे गेले. चुन्यात शिजलेला दाणा खायला चांगला, पेरायला मेलेला. हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल.

माझा लेक त्साब आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "आये..." एवढंच म्हणाला आणि दाणे पानात बांधून घेतले. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

आठ दिवसांत सगळं रान हिरवं झालं. तो कोपरा मात्र जळल्या लाकडासारखा काळाच राहिला. मुयाल माझ्यापुढं पेजेचा वाडगा ठेवायची आणि तोंड फिरवायची. त्यात नातीला ताप भरला. पोर दूध ओढेना. मी चुलीपाशी बसून तिचा श्वास मोजायची आणि स्वतःला शिव्या घालायची.

नवव्या दिवशी सकाळी मी एक पाप ठरवलं. कणगीतलं चांगलं मूठभर बियाणं घेतलं, टोकणायची काठी घेतली आणि रान गाठलं. त्या खड्ड्यांत दुसरा मका टाकला तर कुणाला कळणार? देवांना कळलं असतं, पण त्यांच्याशी मी बघून घेतलं असतं!

कोपऱ्यात फतकल मारून बसले. दिसत काही नव्हतंच, म्हणून काठी बाजूला टाकून बोटानंच पहिला खड्डा चाचपला. आत कुजका लगदा. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यातही तेच. चौथ्यात बोट घातलं आणि मी दचकले.

काहीतरी गुळगुळीत, गार होतं. खाली मुळानं माती घट्ट धरलेली, वर एक टोकदार कोंब. मी माझ्या हातानं चुन्यात लोटलेला तो दाणा! काठी घातली असती तर? देवांनी माणूस मक्याच्या पिठाचा घडवला, हे मी दळताना शंभरदा पोरांना सांगितलं असेल. नुसती बडबड केली होती इतकी वर्षं. त्या दिवशी ते माझ्या बोटाला लागलं. मला हातही मागं घेववेना.

मागं पावलं वाजली. मुयाल होती, नातीला पाठीशी बांधून आलेली.

"तू कशाला आलीस?" मी खेकसले.

"तुम्ही कशाला आलात?"

तिच्या मुठीतून एक दाणा टपकन माझ्यापुढं पडला. चाचपला तर चांगला टपोरा, कणगीतला. मी माझी मूठ उघडली. ती फसकन हसली आणि हसता हसताच रडायला लागली.

"फेक ते," मी म्हटलं. "बस इथं. या खड्ड्यात बघ आणि मला सांग, हिरवं आहे का? मला दिसत नाही गं. वर्ष झालं, मला काही धड दिसत नाही."

ती वाकली. मग माझं पोळलेलं बोट धरून तिनं हलकेच शेजारच्या खड्ड्यात नेलं.

"हिरवं आहे, आत्याबाई. आणि हे बघा, इथं दुसरं."

तिच्या पाठीवर पोर चुळबुळली आणि रडायला लागली. नुसतं कण्हणं नव्हे, भुकेचं खणखणीत रडणं. मुयालनं तिला तिथंच छातीशी घेतलं आणि ती घटाघटा प्यायला लागली. मला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.