दहा सेंटिमीटरच्या खाली

"बारा वाजता पेरणीयंत्र या पट्ट्यावरून जाणार म्हणजे जाणार!" केल्विन हॉडर गाडीतूनच ओरडला. "खुंट्या सकाळीच उपटल्यात मी. अठ्ठावीस वर्षं सांभाळलं तुझं खूळ, आता पुरे, ग्लेनिस."

"मग बारापर्यंत खणू दे," म्हणत ग्लेनिस ट्रस्कॉटने फावडं रोवलं. तोंडावर माश्या, गुडघे कुरकुरणारे, आणि मृदासंशोधन केंद्रातली नोकरी शुक्रवारी संपणार. पण बाई हटणाऱ्यातली नव्हती.

केल्विनच्या बापाने, मरेने, तिच्या शब्दाखातर गव्हाच्या शेतात हा पट्टा राखला होता. अर्ध्या भागाला दर चार वर्षांनी चुना, अर्धा कोरा. ग्लेनिसने पाच वर्षं माती तपासली, पीक मोजलं. पिकात फरक शून्य. 'इथे चुना वाया जातो,' असा अहवाल तिने ठोकून दिला आणि पंचक्रोशीने चुना बंद केला. मरेनेही केला, पट्ट्यात तेवढा इमानाने टाकत राहिला. पुढे त्याचा गहू वर्षागणिक बसत गेला आणि बिचारा पावसाला शिव्या घालत राहिला.

गेल्या महिन्यात कपाट आवरताना तिला मातीच्या जुन्या बरण्या सापडल्या. प्रत्येक चिठ्ठीवर तेच: शून्य ते दहा सेंटिमीटर. त्या काळी सगळेच तेवढी माती घ्यायचे, खाली कोण बघतो? तिनेही बघितलं नव्हतं.

दोन्ही भागांत गुडघाभर खड्डे झाले. तिने भिंतींवर बाटलीतलं औषध शिंपडलं, वर पांढरी भुकटी उडवली. केल्विन गाडीतून उतरलाच.

"हे काय, रंगपेटी?"

"हिरवं आलं तर माती बरी. पिवळं आलं तर आंबट. आंबटात मूळ उतरत नाही. चुना तो आंबटपणा मारतो."

कोरा खड्डा तळापर्यंत हळदीसारखा पिवळा झाला. जुनी मुळं वीतभरावर येऊन आडवी वळली होती. चुन्याचा खड्डा फूटभर खोल हिरवागार.

केल्विन उकिडवा बसला. "पुढे पुढे या बाजूला गहू उंच असायचा. बाबा म्हणायचा, मेंढ्या बसतात तिथे, लेंड्यांचा गुण."

"मेंढ्या कसल्या! चुना होता तो. त्याला खाली मुरायला वर्षंच्या वर्षं लागतात रे. मी वरवरची माती बघितली आणि पाच वर्षांत निकाल लावून मोकळी झाले."

"म्हणजे गहू बसला त्यात बाबाची चूक नव्हती."

"नाही. मी चुकले."

"मरेपर्यंत म्हणत होता, आपल्यालाच शेती जमली नाही." केल्विन उठून उभा राहिला. "आणि तू हे आज सांगतेस?"

ग्लेनिस फावड्याला टेकून उभी राहिली. "आज कळलं, आज सांगते. गुरुवारी हॉलमध्ये माझा निरोपसमारंभ आहे, तिथे सगळ्यांना सांगणार. केक कापायच्या आधी."

"सोलून काढतील तुला."

"काढू देत. पण त्यांच्या शेतात चुना पडला पाहिजे. आणि हा पट्टा राहिला पाहिजे, केल्विन. नाहीतर त्यांना दाखवू काय, माझं थोबाड?"

ती खड्डा बुजवायला लागली. थोड्या वेळाने त्याने गाडीतून दुसरं फावडं काढलं.

"खालची माती आधी ना?"

"खालची आधी. वरची वर."

दोघांनी थर जागच्या जागी लावले. माफ केलं असं तो म्हणाला नाही, तिनेही विचारलं नाही.

बाराला पेरणीयंत्र उंचवट्यावरून आलं. केल्विन पट्ट्याच्या टोकाशी उभा राहिला आणि टोपी हलवून त्याने ते बाजूने वळवलं. मग गाडीतून खुंट्या आणल्या आणि एकेक पुन्हा ठोकली. शेवटच्या खुंटीवर मरेच्या हातची रंगातली अक्षरं होती: 'ग्लेनिसचा पट्टा. हात लावू नये.'

केल्विनने खुंटीवरची माती अंगठ्याने पुसली, आणि अक्षरं ग्लेनिसच्या बाजूला येतील अशी ती रोवली.