शेरशहा हापिसात

'शेरशहाने सडकांच्या कडेला झाडं लावली,' मशीनवर ओळ उमटली. हापिसातल्या वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारून झालं. एप्रिल १९७४. प्रेमलताच्या बी.ए.च्या परीक्षेला बारा दिवस.

प्रेमलता टायपिस्ट होती. तिचं दिवसाचं काम दीडलाच संपे; पण बडेबाबू मनोहरराव काम कानांनी मोजत. मशीनची टकटक थांबली की मेमो. उघडं पुस्तक दिसलं तर नोकरीच जायची. म्हणून मांडीवर पुस्तक लपवून ती इतिहासच टाइप करू लागली. करता करता पाठही होई.

त्या दुपारी मागून हात आला आणि मशीनमधला कागद ओढला गेला.

"शेरशहा? हा आपल्या हापिसात कधी लागला वं?"

प्रेमलताने मांडीवरचं पुस्तक पदराखाली सरकवलं. "बडेबाबू, काम झालं होतं..."

"ते मले दिसून राहिलं." मनोहररावांनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि टेबलावर ठेवला. "आता एक कार्बन घालत जा. पुढच्या साली माह्या पोरीलेही परीक्षेले बसवतो."

प्रेमलताने नवाकोरा कार्बन काढला.

त्या पोरीला लग्नासाठी कॉलेज मनोहररावांनीच सोडायला लावलं होतं, १९६७ साली.