हरिदासआबांचा समुद्र

बाळांनो, डोळ्यांपुढे आणा. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं आहे. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ बसलेलं एक अंगण, त्यात अख्खा पारा, म्हणजे मोहल्ला, गोळा झालेला, आणि ओट्यावर भगव्या कफनीतला बाबा. आत खाटेवर तीन वर्षांचा शेखर जुलाबांनी सुकत चाललाय. बहीण मीनल दारात उभी आहे. तिला त्याचे तडकलेले ओठ दिसतात.

बाबानं बजावलं होतं, पोराला थेंबभरही पाणी द्यायचं नाही.

कारण काय, तर या पोरांच्या गोदावरीआजीचे आजोबा हरिदास. फार पूर्वी मजूर नेणाऱ्या दलालानं त्यांना भुलवलं होतं, 'चिनीदादला चल, बसून साखर चाळायची.' चिनी म्हणजे साखर; पण ते होतं दूरच्या समुद्रातलं त्रिनिदाद बेट. तिथं भर उन्हात ऊस तोडावा लागला, आणि परत येणं झालंच नाही. गेल्या वर्षी त्यांची तिकडची पणती शर्मिष्ठा हे घर शोधत आली. तिच्या तोंडून या गोष्टी साऱ्या पाऱ्यानं ऐकल्या होत्या. बाबाच्याही कानावर गेल्याच असणार.

"हरिदास समुंदरात तहानेनं मेला," बाबा म्हणाला. "आता पोट्ट्याच्या अंगात बसून राहिला. पोट्ट्याले पाणी पाजलं का तोच जोर धरते. पहिले तुमच्या सगळ्यायच्या हातून त्याची तहान भागू द्या."

"पण शर्मिष्ठादीदी तं म्हणे, आबांनी तिथं विहीर खोदली, म्हातारे होऊन गेले," मीनल म्हणाली.

"विहीर दिसली तिले. आत्मा दिसला काय?"

लोकांनी माना डोलावल्या.

बाबा ओल्या गमछ्यानं एकेकाचा उजवा तळहात पुसायचा आणि घरच्याच माठातलं पाणी त्यावर पळीभर ओतायचा. "चाखा. आला का नाही समुंदर?"

पाणी खारट लागे. आजीनं डोळ्यांना पदर लावला.

मीनलचाही उजवा हात पुसून झाला. पण ती डावखुरी. डोळे मिटून पुटपुटणाऱ्या बाबापुढे सवयीनं डावाच हात गेला. पाणी रोजच्यासारखंच लागलं.

"डाव्या हातानं तीर्थ घेते का पोट्टे?" आजी खेकसली.

मीनलनं कोरडा उजवा तळहात चाटला. खारट.

"आजी, तू बी डावा हात कर."

तिनं स्वतः माठातलं पाणी ओतलं. आजी प्यायली. "हे तं आपलं रोजचंच पाणी," ती म्हणाली. मीनलच्या वडिलांनी, मारोतीनं, गमछ्याचं टोक जिभेला लावलं. "मिठाच्या पाण्यात भिजवला आहे हा."

"आत्मा नाराज होऊन गेला," म्हणत बाबा चपला शोधू लागला.

बाळांनो, त्या अंगणात मूर्ख कोणी नव्हतं. सगळे भ्यालेले होते. म्हणून सांगतो, कोणी चमत्कार दाखवला की तीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेनं करून पाहा. आणि आजाऱ्याचं पाणी तोडायला लावणाऱ्याचं कधीही ऐकू नका.

मारोती दवाखान्यासाठी रिक्षा आणायला धावला. मीनल माठातल्या पाण्याची वाटी आणि चमचा घेऊन खाटेशी बसली. पहिला चमचा शेखरच्या ओठांवरून उशीवर ओघळला. तिनं दुसरा भरला.