एकशे तेरावं पान

घर्रर्र.

फ्रिज शहारला आणि माझं वाक्य मधोमध तुटलं. कपाटात, हिवाळी कोटांच्या मधे, मांडीवर पुस्तक आणि नाकासमोर माइक घेऊन मी बसले होते. 'बापाने दार उघडलं', एवढंच वाचून झालं होतं. रेकॉर्डिंगला बसण्याआधी फ्रिज बंद करायचा हे मी रोज लक्षात ठेवते. त्या दिवशी विसरले.

बाहेर येऊन बटण बंद केलं. दुपारचे अडीच वाजले होते. अंपारो सोफ्यावर झोपली होती. नुकतीच न्हायलेली, ओले केस उशीवर पसरलेले, तोंड जरासं उघडं. मी कपाटात बसून जिच्याबद्दल वाचत होते, तीही सहा वर्षांची होती. तिचेही केस ओले होते.

परत आत गेले. दार ओढून घेतलं, माइक चालू केला. मग बंद केला.

मोंतेविदेओतल्या अंधांच्या वाचनालयासाठी मी पुस्तकं वाचते. अंध म्हणायचं, पण ऐकणारे सगळ्या तऱ्हेचे. कुणाला दिसत नाही, कुणाचे हात इतके थरथरतात की पुस्तक धरता येत नाही, कुणाच्या डोळ्यांपुढे अक्षरं नाचतात. अंपारो दुपारी झोपते तो दीड तास माझा, आणि तो मी त्यांना देऊन टाकते. नवरा म्हणतो, तू पण झोप की जरा. झोपून उठलं की काही हाती लागत नाही. वाचून उठलं की दहा पानं लागतात.

वाचनालयातल्या टेबलावर नेलिदाने एक कागद चिकटवलाय: 'छापलंय ते सगळं वाचा. छापलं नाही ते वाचू नका.' नेलिदा तिथली ग्रंथपाल. सगळं म्हणजे सगळं. छपाईच्या चुकासुद्धा. आणि प्रत्येक पानाच्या सुरुवातीला पानाचा आकडा, म्हणजे ऐकणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळतं.

हे पुस्तक म्हणजे रोचाच्या किनाऱ्यावरच्या एका दीपगृहवाल्याची कादंबरी. जुनी, पुन्हा कधी न छापलेली. वाचनालयाला कुठूनशी एकच प्रत मिळाली. पानं इतकी पिवळी की स्कॅनरला निम्मी अक्षरं कळेनात, म्हणून माझ्याकडे आली.

"मागितलीय कुणी?" मी विचारलं होतं.

"एल्बिओने. नगरपालिकेच्या टेलिफोनवर होता, चाळीस वर्षं. जन्मापासून आंधळा. गेल्या वर्षी बायको गेली, तीच वाचून दाखवायची त्याला." आणि मग कपाटाला कुलूप लावता लावता नेलिदा म्हणाली, "एक मुलगी होती त्यांना. सात वर्षांची होऊन तापाने गेली. फार जुनी गोष्ट."

ती हे बोलली नसती तर बरं झालं असतं, असं मी पुढे पुष्कळदा म्हटलं. पण खरं सांगायचं तर खापर नेलिदावर फोडण्यात अर्थ नाही. अंपारोला मी घोड्याची गोष्ट वाचून दाखवते, त्यात म्हातारा घोडा मरतो. त्या जागी मी दोन पानं एकाच चिमटीत धरून उलटते. गेली दोन वर्षं. ती सवय माझीच.

कादंबरीतल्या दीपगृहवाल्याची पोर खाडीत बुडते. एकशे तेरा आणि एकशे चौदा, या दोन पानांवर तिला घरी आणतात. मी ती पानं डोळ्यांनी वाचली. तोंडाने नाही वाचली. एकशे बाराव्या पानाचा शेवटचा भाग तोडून त्याचे दोन तुकडे केले, एकापुढे 'पान एकशे तेरा' म्हटलं, दुसऱ्यापुढे 'पान एकशे चौदा'. पुढच्या प्रकरणात मुलगी नाही, एवढं ऐकणाऱ्याला कळलंच असतं. कशी गेली, घरी कशी आणली, हे एका म्हाताऱ्या बापाला कानात ओतायची काय गरज? मला वाटलं, मी चांगलं काम केलं. खरंच तसं वाटलं. संध्याकाळी अंपारोसाठी पुऱ्यांसारखे तोर्ता फ्रिता तळले, तेव्हा मी गुणगुणत होते.

बारा दिवसांनी नेलिदाचा फोन आला.

"रोमिना, एल्बिओ इथे येऊन बसलाय. सकाळपासून."

"बरं मग?"

"मग काय मग! तू येईपर्यंत उठणार नाही म्हणतो. काय केलंस तू त्या पुस्तकाचं?"

शाळेत शिक्षकांचा संप होता, म्हणून अंपारोला घेऊनच गेले. पुस्तक पिशवीत टाकलं. का टाकलं, ते बसमध्ये बसल्यावर कळलं.

वाचनालयाच्या मोठ्या टेबलाशी तो बसला होता. इस्त्रीचा शर्ट, काखेत थर्मास, हातात माते, म्हणजे आमच्या कडू पाल्याच्या चहाचा पेला. माझी पावलं ऐकून मान वळवली.

"बाई आणि एक लहान मूल," तो म्हणाला. "मूल उड्या मारत चालतं."

"मी अंपारो," अंपारो म्हणाली. "तुला खरंच काही दिसत नाही?"

"अंपारो!"

"असू दे. नाही दिसत. तुला खरंच ऐकायला येतं?"

अंपारो हसली. नेलिदाने तिला ब्रेलची पाटी आणि टोच्या दिला, जाड कागद दिला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. मी एल्बिओच्या समोर बसले. त्याने थर्मासमधून मातेत पाणी ओतलं, स्वतः प्यायला, पुन्हा ओतलं, पुन्हा स्वतःच प्यायला. आमच्या इथे समोर माणूस बसलेलं असताना असं कुणी करत नाही. मला जे समजायचं ते समजलं.

"पोरी," तो म्हणाला, "लोकांचे ट्रंक कॉल तीन तीन मिनिटांनी तोडण्यात माझी उमर गेली. मला मिनिटं घड्याळाशिवाय कळतात. तुझं एक पान दोन मिनिटं आणि वर थोडं. बोलणी जास्त असली तर पावणेदोन. एकशे तेरावं पान अर्ध्या मिनिटाचं. एकशे चौदावं त्याहून कमी. चित्रं आहेत का तिथे?"

"नाहीत."

"मग उंदरांनी खाल्लं?"

नेलिदा माझ्याकडे बघत होती.

"मी गाळलं," मी म्हटलं. "मला वाटलं, तुम्हाला त्रास होईल."

"कशाचा?"

मी नेलिदाकडे पाहिलं.

"नेलिदाने सांगितलेलं दिसतंय."

"अरे, मी आपलं सहज..."

"तू थांब नेलिदा, तुझाही नंबर येणार आहे." त्याने माते टेबलावर ठेवली. "रस्त्यात लोक भेटतात मला. न विचारता दंड धरतात आणि रस्ता ओलांडून देतात. सोडताना पाठीवर थाप मारतात. त्यांना वाटतं पुण्य लागलं. आणि मी पलीकडे उभा. मला जायचंच नव्हतं तिकडे. मी बसची वाट बघत होतो. कळलं?"

"कळलं."

"नाही कळलं. ऐक." त्याचा आवाज खाली आला. "हे पुस्तक माबेलने मला वाचून दाखवायला घेतलं होतं. पोरगी जाऊन दोन वर्षं झाली होती. रोज जेवणं उरकली की दहा पानं. 'बापाने दार उघडलं', इथवर आली आणि थांबली. बराच वेळ गप्प होती. मग मिटलंच पुस्तक. म्हणाली, डोळे दुखतायत. दुसऱ्या दिवशी पुस्तक घरात नव्हतं. तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बत्तीस वर्षं तो माणूस दार उघडून उभा आहे, पोरी. आणि आता तूही त्याला तिथेच उभा करून पुढे गेलीस."

बाहेरून भंगारवाल्याची गाडी गेली.

"मी आज घरी जाऊन रेकॉर्ड करते," मी म्हटलं. "उद्या तुम्हाला—"

"पुस्तक कुठाय?"

"पिशवीत."

"मग घर कशाला हवं?"

"इथे? असंच?"

"माबेल असंच वाचायची. माइक नव्हता तिच्याकडे."

मी पुस्तक काढलं. नेलिदाने उठून दार लोटलं. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि दोन्ही तळवे पानांवर दाबले.

"पान एकशे तेरा," मी म्हटलं.

वाचलं. बाप दारात उभा, कोळी पोरीला आत आणतात. त्याची बायको तिथेच खाली बसते. बाप काही बोलत नाही. टॉवेल आणतो, कंगवा आणतो, आणि पोरीचे केस विंचरायला बसतो. गुंता फार आहे, खाडीतलं गवत अडकलंय. एक एक काडी काढतो. पोरीला दुखू नये म्हणून केसांचं मूळ मुठीत धरतो. या वाक्याला मी थांबले. अंपारोचे केस मीही तसेच धरते. एल्बिओने मान हलवली, म्हणजे पुढे.

पान एकशे चौदा. वेणी घालून होते. बाहेर अंधारून येतं. बाप उठतो. बायको त्याचा पाय धरते, म्हणते, आज नको. तो पाय सोडवून घेतो, जिना चढून वर जातो आणि दिवा लावतो. त्या रात्री एक जहाज यायचं असतं.

"बस?" एल्बिओने विचारलं.

"पान संपलं."

"दिवा लावला," तो म्हणाला. स्वतःशीच. मग पुन्हा, "वर जाऊन दिवा लावला."

मला वाटलं, तो रडेल. तो रडला नाही. टेबलावर बोटं फिरवत होता, जसं काही तिथे ठिपके उमटलेत.

"पोरगी गेल्यावर चौथ्या दिवशी मी कामावर गेलो होतो," तो म्हणाला. "कानाला लावलं आणि म्हटलं, 'नमस्कार, नगरपालिका.' कुणाला तरी पाणीपुरवठा खातं हवं होतं. त्यांच्या नळाला पाणी नव्हतं. मी जोडून दिलं. घरी आलो तर माबेल म्हणाली, तुला काळीज नाही. एकदाच म्हणाली. पुन्हा कधी नाही."

नेलिदाने चष्मा काढून पुसायला घेतला.

"पुढच्या प्रकरणात ती दीपगृहवाल्याची बायको त्याला ताट वाढते आणि बोलत नाही," एल्बिओ म्हणाला. "मी तीनदा ऐकलं. मला कळेना, का बोलत नाही? काय केलंय त्याने? आता कळलं." त्याने माझ्याकडे तोंड वळवलं. "पोरी, तुला काय वाटतं? माबेलने मिटायच्या आधी मनात वाचलं असेल ते? दिव्यापर्यंत?"

माबेलच्या त्या बऱ्याच वेळच्या गप्प बसण्यात दोन पानं डोळ्यांनी सहज वाचून होतात. मी स्वतः कपाटात तेच केलं होतं. पण हे 'हो' म्हणून सांगायचा मला काय अधिकार? जे छापलं नाही ते वाचायचं नाही.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"हं. हे बरं केलंस," तो म्हणाला.

मग त्याने मातेतला पाला एका बाजूला सरकवला, वाफाळतं पाणी ओतलं आणि माते माझ्यापुढे धरली. कडू होती, आमच्या घरी करतात त्यापेक्षा कितीतरी कडू. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

"घरून नीट रेकॉर्ड करून पाठव," तो उठता उठता म्हणाला. "दुसरेही ऐकणारे असतील. आणि फ्रिज बंद करत जा. बाप दार उघडतो तिथे घरघरतो."

कोपऱ्याकडे वळून पाहिलं तर टोच्या कागदावर तसाच पडला होता. अंपारो खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, आणि कधीपासून आमच्याकडे बघत होती कोण जाणे. कागदावर तीनच ठिपके होते. मी तिचं जॅकेट चढवलं, टोपी घातली.

आम्ही समुद्राच्या बाजूने चालत निघालो. वारा होता. ती उड्या मारत चालत नव्हती. मी उगाच बोलत राहिले, घरी गेल्यावर दुल्से दे लेचे लावून पाव खाऊ या, बाबा आज लवकर येतील, उद्या शाळा असेल बहुतेक.

"तो आजोबा तुझ्यावर रागावला होता," ती म्हणाली.

"हो."

"तू पानं वाचली नाहीस म्हणून."

"हो. पण मग वाचली ना."

तिचा हात माझ्या हातात होता, हातमोज्यातली बोटं हलत होती, जसं काही मोजत असावी.

"आई," तिने विचारलं, "माझ्या घोड्याच्या पुस्तकातली कुठली पानं तू मला अजून वाचून दाखवली नाहीस?"