दुधाची सुट्टी

जिनात झोळ्या टांगायची अक्कल माझीच. रामराव साहेबांची नव्हे, दुर्गाबाईची तर नव्हेच. नंतर जो तो हात झटकून मोकळा झाला, म्हणून आधीच सांगून टाकते.

जालन्याच्या त्या कापसाच्या जिनात मी बायांची मुकादम होते. यंत्रांपुढे साठ बाया बसायच्या, कापूस घालायच्या. सरकी एका अंगाला पडायची, रुई दुसऱ्या. अंगावर पिणारी लेकरं पाठीमागे ढिगाशी लोळायची. एक रडलं की दहा रडायची. दुधाची सुट्टी दिवसातून दोनदा होती, पण लेकराला काय भोंगा ऐकून भूक लागते? बाया मधेच उठायच्या, यंत्रं रिकामी फिरायची आणि जुना मॅनेजर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

त्याच्या जागी रामराव साहेब हैदराबादेहून आले. त्यांच्या तोंडात शिवी म्हणून नाही. आल्या आल्या त्यांनी लिंबाखाली पाण्याचे रांजण भरवले, दुपारी गुळाचा चहा सुरू केला, काम करता करता गाणी म्हणायला परवानगी दिली. "तुळजाबाई, माणूस खुशीत असलं म्हणजे दुप्पट काम करतं," असं ते मला म्हणायचे. असला साहेब आम्ही जन्मात पाहिला नव्हता. मी हुरळले.

"साहेब, सरकीची जुनी खोली रिकामीच हाय," मी म्हणाले. "तिथं झोळ्या बांधू. एक म्हातारी बसवू. बायाबी खूश, तुम्हीबी खूश."

बावीस झोळ्या बांधल्या. सांभाळायला दुर्गाबाई बसली. पहिला आठवडा त्या खोलीत नुसता बाजार भरला होता. दुसऱ्या आठवड्यात लेकरं चिडीचूप. दुर्गाबाईच्या हाताला गुण आहे, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. बाया निवांत गाऊ लागल्या, रोजच्या रुईच्या गठाणी वाढल्या आणि साहेबांनी मला इरकली लुगडं दिलं. ते नेसून मी मोंढ्याच्या बाजारातून मुद्दाम हळूहळू चालत घरी गेले.

मग दुधाची सुट्टी गेली. ती कुणी बंद केली नाही. भोंगा व्हायचा, बाया चहाला जमायच्या. एखादी खोलीकडे निघाली की दुसरी म्हणायची, "झोपलंय ते. कामून उठवती?" ती परत बसायची. पुढे निघणंच थांबलं. चहा पिऊन सगळ्या भोंग्याच्या आधीच यंत्रापुढे हजर.

"पाहिलंत?" साहेब हसून म्हणाले. "मी एका शब्दानं सांगितलं का?"

रोज खोलीकडे जाणारी एकटी मैमूना उरली. विणकराच्या घरची, पंचविशीची पोर. दोन बाळंतपणं वाया गेल्यावर तिला ही तिसरी झाली होती, जैतून. सात महिन्यांची. तिच्या डोळ्यांत काजळ, मनगटात काळा दोरा. एका दुपारी मैमूनानं मला बाजूला ओढलं. तिची चोळी दोन्हीकडून भिजली होती.

"मौसी, पोरगी दूध पिऊन न्हाई राह्यली. सकाळपासून एक घोट न्हाई. घरीबी झोपूनच राह्यती. नजर लागली का काय तिला?"

"लोकांची लेकरं झोपत न्हाईत म्हणून ते रडत्यात," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अन् तुझी झोपती म्हणून तू रडून राह्यली!"

बाया हसल्या. मीही हसले. पण ती भिजलेली चोळी काही डोळ्यांपुढून हलेना. त्याच दुपारी मी खोलीत गेले.

बावीस झोळ्या, आणि एकही हलत नव्हती. जैतूनच्या डोळ्याच्या कोपऱ्यात माशी बसली होती. डोळे अर्धे उघडे होते. माशी पापणीवरून चालत गेली तरी पापणी लवली नाही. मी हातानं माशी उडवली.

"दुर्गे, काय देती तू यान्ला?"

"आता आपण सगळ्याच देतो तेच की," दुर्गाबाई बिलकुल न बिचकता म्हणाली. कमरेची डबी काढून तिनं दाखवली. अफू. "साहेबच आणून देत्यात."

सगळ्याच देतो, हे खरं होतं. पेरणीच्या दिवसांत माझ्या लेकाला, पुंजारामालाही मी चाटवली होती. तो आज मोंढ्यात हमाली करतो, चांगला धडधाकट आहे. मनाची अशी समजूत घातली आणि गप्प बसले. चार दिवस गप्प बसले. लुगड्यासाठी नाही, शपथेवर सांगते. झोळ्या माझ्या होत्या, म्हणून. लोक माझं नाव काढत होते ते मला सोडवत नव्हतं.

पाचव्या दिवशी माल मुंबईला जायचा होता. साहेबांनी दोन तास काम वाढवलं आणि चहाही दुप्पट दिला. दुर्गाबाईला तिसऱ्या प्रहरी आणखी एकदा डबी उघडायला सांगितलं. बाया गात होत्या. मला राहवेना, मी खोलीत गेले आणि जैतूनच्या पायाला हात लावला. पाय थंडगार. ओठ जांभळे.

मी तिला उचलून अंगणात पळाले. मैमूनाला हाक मारली. पाणी मारलं, तळवे चोळले. हकीमाच्या ओट्यापर्यंत मैमूनानं तिला छातीशी धरून नेलं. ओट्यावर हकीमसाहेबांनी पोरीची पापणी उचलली, पुन्हा मिटली आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली मी सगळ्या बायांना सगळं सांगितलं. डबीचं, साहेबांचं, माझ्या चार दिवसांचंही. वाटलं, आता माझ्या झिंज्या धरतील. बरं झालं असतं.

द्वारकाबाई माझी जुनी जोडीदारीण. ती चहाची वाटी खाली न ठेवता म्हणाली, "आमाला का ठावं न्हाई? घरीबी देतोच की. झोळ्या काढल्या तर लेकरू कुठं टाकू, यंत्रात? अन् तुळजे, बांधल्या कुणी?"

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. साहेब ओसरीत उभे होते. शांतपणे म्हणाले, "मी कुणावर जबरदस्ती करत नाही. ज्यांना नको त्यांनी लेकरू घरी ठेवावं." मग त्यांनी मैमूनासाठी अर्धा दिवस जिन बंद ठेवलं. बाया म्हणाल्या, साहेब देवमाणूस.

पोरगी गेल्यावर चौथ्या दिवशी मैमूना कामावर आली. घरात चूल पेटायची होती, दुसरं काय करणार? दुपारच्या भोंग्याला ती कुणाशी न बोलता खोलीत शिरली. मी मागोमाग गेले. तिची चोळी पुन्हा भिजली होती. तिनं पहिल्या झोळीतलं लेकरू उचललं आणि छातीशी लावलं. त्यानं तोंड उघडलं नाही. तिनं ते अलगद ठेवलं, दुसरं घेतलं, मग तिसरं. दूध त्यांच्या गालांवरून ओघळत होतं. दुर्गाबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. जैतूनच्या झोळीत कुणाचं तरी नवं लेकरू आलं होतं. मैमूनानं तेही उचललं.

"मौसी," ती म्हणाली, "एकाला तरी उठव."

बाहेर भोंगा झाला, यंत्रं सुरू झाली, बायांनी गाणं धरलं. मी बावीसही झोळ्या धरून हलवल्या. एकही लेकरू रडलं नाही.